फेल्स्पारवरचे खळगे कसे वाचायचे: विदारणाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास

फेल्स्पार या ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या नेहमीच्या खनिजाच्या कणावर खळगा दिसला की तो विदारणानेच, म्हणजे हवा-पाण्याने खडक झिजण्यानेच, पडला, असे मानायची घाई होते. प्रत्यक्षात शक्यता तीन असतात. पाणी मुरून खनिज खरोखर विरघळलेले असेल. खडक जमिनीखाली थंड होत असताना गरम द्रवांनी ते आधीच पोखरलेले असेल. किंवा नमुना कापताना, घासताना, धुताना ती जखम तुमच्याच हातून झाली असेल. पहिल्या नजरेत तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून विदारण झालेल्या प्रत्येक नमुन्यासोबत त्याच खडकाचा ताजा तुकडा घ्यायचा आणि त्याला अगदी त्याच कृतीतून न्यायचे. या तुकड्याला पुढे ‘जोडनमुना’ म्हटले आहे. तो नसेल तर कितीही सुंदर छायाचित्र मिळाले तरी त्यावरून ठामपणे काही सांगता येत नाही.

नेमके काय शोधायचे आहे तेही आधी पक्के असावे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. ते फेल्स्पारला भिडले की सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम बाहेर पडते आणि सिलिकाचाही काही भाग वाहून जातो. ॲल्युमिनियम सहसा जवळपासच उरते आणि त्यापासून केओलिनाइट, हॅलॉयसाइट ही चिकणमातीची खनिजे किंवा निचरा फार चांगला असेल तिथे गिब्साइट हे ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड तयार होते. कॅल्शियम जास्त असलेले प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमचे फेल्स्पार) आधी जाते, अल्बाइट (त्यातलेच सोडियमचे टोक) त्यानंतर, आणि पोटॅश फेल्स्पार सगळ्यांत जास्त टिकते. भूवैज्ञानिक गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडलेला हा क्रम आजही कामाचा आहे. एकाच पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकासाठी घासून केलेल्या खडकाच्या पारदर्शक कापात) दोन्ही फेल्स्पार असतील आणि पोटॅश फेल्स्पारच जास्त खाल्लेले दिसत असेल, तर आधी ओळख चुकली आहे का ते तपासा.

नमुना घेताना

खाली घट्ट खडक, त्यावर भुसभुशीत झालेला खडक, त्यावर माती, असा उभा छेद जिथे उघडा पडला असेल तिथून खोलीवार नमुने घ्या. बदल झपाट्याने होतो तिथे, म्हणजे घट्ट आणि भुसभुशीत यांच्या सीमेवर, १० ते २० सेंटिमीटर अंतराने आणि बाकी ठिकाणी विरळ. प्रत्येक ढेकळावर वरची बाजू बाणाने दाखवा. पाणी वरून खाली मुरते, त्यामुळे कोणती भेग उभी होती आणि कोणती आडवी हे पुढे लागते. जोडनमुना शक्य तितक्या खोलवरून घ्या. रस्त्याच्या कडेला दिसणारा ‘ताजा’ दगडही पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर आत बदललेला असू शकतो, म्हणून तो फोडून गाभाच घ्या.

नमुना वाळवताना बरेच नुकसान होते. सवयीने १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवला तर हॅलॉयसाइटमधले पाणी निघून जाते आणि त्याच्या थरांमधले अंतर १० अँगस्ट्रॉमवरून (१ नॅनोमीटरवरून) ७ अँगस्ट्रॉमवर येते. हा बदल उलटवता येत नाही. फुगणारी चिकणमाती आकसते आणि फेल्स्पारच्या कडेला नवीन फट दिसू लागते. ती फट विरघळून पडलेली पोकळी वाटते. हवेवर सावलीत वाळवा, फार तर ४० अंशांपर्यंत. हॅलॉयसाइटच पाहायचे असेल तर थोडा भाग ओलाच हवाबंद डबीत ठेवा.

घरी किंवा प्रयोगशाळेत आल्यावर प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक न मोडता पातळ छेदासाठी, दुसरा सुटे कण काढण्यासाठी. छेदात कोण कोणाला लागून आहे ते समजते, सुट्या कणावर पृष्ठभागाचा आकार दिसतो. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

पातळ छेद

भुसभुशीत खडक तसाच करवतीखाली धरला तर त्याचा चुरा होतो. आधी त्यात पातळ इपॉक्सी मुरवावे लागते. इपॉक्सीत निळा रंग मिसळला की पोकळ्या निळ्या दिसतात, आणि पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. राळ आणि कठिणक उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात वजनावर घ्या, अंदाजाने ओतू नका. प्रमाण बिघडले तर इपॉक्सी मऊ राहते आणि घासताना कण उपटून येतात. नमुना निर्वात पात्रात ठेवा, बुडेल इतके इपॉक्सी ओता, बुडबुडे थांबेपर्यंत साधारण १० ते १५ मिनिटे निर्वात ठेवा आणि मग हवा सावकाश आत सोडा. हवेच्या दाबानेच इपॉक्सी बारीक फटींत ढकलले जाते. खोलीच्या तापमानाला किमान २४ तास घट्ट होऊ द्या. कठिणकाची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की सहसा सुटत नाही, म्हणून नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून वापरा.

चिकणमाती असलेला नमुना पाण्याऐवजी तेलाच्या वंगणावर कापा आणि घासा. पाण्याने माती फुगते, निघून जाते आणि मागे रिकामी पोकळी राहते. कापलेला तुकडा काचेवर चिकटवून सिलिकॉन कार्बाइडच्या ४००, ६०० आणि १००० नंबरवर ३० मायक्रॉनपर्यंत उतरवा. जाडीसाठी क्वार्ट्झकडे बघा. आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये (प्रकाशाची एकच दिशा सोडणाऱ्या गाळण्यांमध्ये) तो पांढरट राखाडी दिसला तर छेद बरोबर आहे, पिवळा-नारिंगी दिसला तर अजून जाड आहे. विदारण झालेल्या नमुन्यात शेवटचे १० मायक्रॉन हातानेच काढावेत. यंत्रावर फेल्स्पारचे उरलेले सांगाडे एका फेऱ्यात उडून जातात.

वर झाकणकाच लावू नका, कारण हाच छेद पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जाणार आहे. हिऱ्याच्या ६, ३ आणि १ मायक्रॉन पेस्टवर पॉलिश करा. शेवटी कोलॉइडल सिलिका वापरायची सवय अनेकांना असते. पण ती अल्कधर्मी असते आणि तिचे कण फटींत अडकतात. तुमचा प्रश्न सिलिकायुक्त थराबद्दल असेल तर तिला हात लावू नका, पाव मायक्रॉनच्या हिऱ्यावर थांबा.

आता छेद साध्या ध्रुवित प्रकाशात पाहा. फेल्स्पार धुरकट, तपकिरीसर दिसले की विदारण झाले असे लिहिण्याचा मोह होतो. थांबा. हा धुरकटपणा बहुतेक वेळा खडक थंड होताना द्रवांनी सोडलेल्या सूक्ष्म छिद्रांचा असतो आणि तो अगदी ताज्या ग्रॅनाइटमध्येही भरपूर असतो. जोडनमुन्याचा छेद शेजारी ठेवा. दोन्हीकडे तेवढाच धुरकटपणा असेल तर तो विदारणाच्या खात्यात धरायचा नाही.

तसेच सेरिसाइटचे. प्लॅजिओक्लेजच्या पोटात चमकणारे, पिवळे-गुलाबी-निळसर व्यतिकरण रंग (दोन ध्रुवकांमध्ये उमटणारे रंग) दाखवणारे अभ्रकाचे बारीक पापुद्रे म्हणजे सेरिसाइट, आणि ते बहुधा गरम द्रवांची देणगी असते. केओलिनाइट फिके राखाडी राहते, साध्या प्रकाशात मळकट दिसते. बदल कणाच्या कडेने, पाटनाच्या रेघांनी (स्फटिक ज्या ठरावीक पातळ्यांवर फुटतो त्या रेघांनी) आणि भेगांनी आत शिरत असेल आणि खोलीबरोबर कमी होत जात असेल तर ते विदारण. गाभ्यातून सुरू झाला असेल तर गरम द्रवांवर संशय घ्या. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. पट्टेदार, म्हणजे गाभ्यापासून कडेपर्यंत घटक बदलत जाणाऱ्या, प्लॅजिओक्लेजचा गाभा अनेकदा कॅल्शियमने समृद्ध असतो आणि एखादी भेग तिथवर पोचली की विदारणही गाभाच आधी पोखरते. इथे खोलीनुसार बदल कसा आहे आणि जोडनमुना काय सांगतो, यावरच निर्णय घ्यावा लागतो.

पोकळी खरी की घासताना कण उपटून झालेली, हे निळे इपॉक्सी सांगते. खरी पोकळी इपॉक्सी मुरवण्याआधीपासून होती, त्यामुळे ती निळी भरलेली असते. तिच्या भिंती पाटनाच्या दिशेने सरळ असतात किंवा त्यांवर मातीचा पातळ लेप असतो. घासताना उपटलेल्या जागी इपॉक्सी नसते, तळाशी घासण्याची पावडर सापडते. अपवाद आहेच. बाहेरून बंद असलेल्या पोकळीत इपॉक्सी शिरत नाही, म्हणून रिकाम्या पोकळ्याही नोंदवा, पण वेगळ्या रकान्यात.

फेल्स्पार ओळखायला सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. प्लॅजिओक्लेजमध्ये समांतर पट्ट्यांचे जुळे (वेगळ्या दिशांनी एकत्र वाढलेले स्फटिकाचे भाग), पोटॅश फेल्स्पारपैकी मायक्रोक्लाइनमध्ये चौकड्यांच्या कापडासारखी जाळी, ऑर्थोक्लेजमध्ये बहुधा दोन अर्धुकांचे साधे जुळे. जुळे नसलेला कण क्वार्ट्झ वाटला तर बेके रेषा, म्हणजे कणाच्या कडेला दिसणारी उजळ रेषा, पाहा. पोटॅश फेल्स्पारचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास, क्वार्ट्झचा १.५४ ते १.५५. सूक्ष्मदर्शकाचा मंच खाली नेला की उजळ रेषा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते. पोटॅश फेल्स्पार पिवळे करण्यासाठी सोडियम कोबाल्टिनायट्राइटने रंगवायची जुनी पद्धत आहे, पण त्याआधी छेद हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वाफेवर धरावा लागतो. हे आम्ल त्वचेतून आत जाऊन शरीरातले कॅल्शियम ओढते आणि सौम्य असले तर वेदना तासन्‌तास उशिरा सुरू होते. त्यासाठीची वेगळी धुराटी (वाफ ओढून घेणारे कपाट), कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि सोबत प्रशिक्षित माणूस, यांतले एक जरी कमी असेल तर ही पद्धत वापरू नका. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर तिची गरजही नाही. शिवाय हे आम्ल स्वतःच खळगे पाडते, त्यामुळे असा छेद पुढे विरघळण्याच्या अभ्यासाला निरुपयोगी होतो.

किती टक्के फेल्स्पार गेले हे बिंदुमोजणीने काढा. मोजक्या बिंदूंवर भरवसा ठेवू नका. एखादा घटक २० टक्के असेल तर ५०० बिंदू मोजूनही उत्तर सुमारे साडेतीन टक्के इकडेतिकडे होऊ शकते. दोन थरांतला फरक त्याहून कमी असेल तर तो फरक आहे असे लिहू नका.

सुटे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली

भुसभुशीत नमुना हाताने कुस्करा, खलबत्ता वापरू नका. २५० ते ५०० मायक्रॉन आकाराचे कण चाळून घ्या. यापेक्षा लहान कणांवर मूळचे पृष्ठभाग कमी, तुटलेले जास्त असतात. फेल्स्पार वेगळे करायला सोडियम पॉलिटंगस्टेटचे जड द्रावण वापरता येते. पोटॅश फेल्स्पारची घनता २.५६ च्या आसपास, अल्बाइटची २.६२, क्वार्ट्झची २.६५, तेव्हा द्रावण २.५९ ला बसवले की पोटॅश फेल्स्पार तरंगते आणि बाकीचे बुडते. मात्र मातीने लडबडलेला किंवा पोकळ झालेला कण हलका होऊन भलत्या थरात जातो. सर्वांत जास्त विदारण झालेले कण अशाने नकळत गाळले जातात. म्हणून वेगळे करण्यापूर्वीचा मिश्र भागही थोडा राखून ठेवा.

कणांचे पुन्हा दोन गट करा. एक न धुता, मातीसकट. तिथे केओलिनाइटचे पत्रे खळग्यातच बसलेत की बाहेरून येऊन चिकटलेत हे दिसते. दुसरा धुऊन, कारण खळग्यांचा आकार मातीखाली झाकलेला असतो. धुण्यासाठी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या ०.५ टक्के द्रावणात रात्रभर भिजवा आणि आयनमुक्त पाण्याने तीन-चार वेळा खळबळा. श्राव्यातीत कंपनाचे यंत्र वापरायचे तर ३०-३० सेकंदांचे हप्ते, एकूण दोन-तीन मिनिटे, बस. खळग्यांमधल्या भिंती कधीकधी मायक्रॉनपेक्षा पातळ असतात. जास्त वेळ हलवले की त्या मोडतात आणि दोन शेजारचे खळगे एक मोठा खळगा म्हणून मोजले जातात. लोखंडाचा तांबडा लेप काढायला डायथायोनाइट-सायट्रेट चालते, पण सायट्रेट ॲल्युमिनियम पकडते. जोडनमुन्याचे कणही त्याच द्रावणात, तेवढाच वेळ ठेवा. आम्लाने लेप काढणे म्हणजे जे मोजायचे तेच पुसणे.

कार्बनच्या टेपवर ३० ते ५० कण बसवा. सुईने आवडीचे कण निवडू नका, टेप कणांवर टेकवून जे चिकटतील ते घ्या. सुंदर खळगे असलेला कण डोळ्यांना आपोआप खेचतो, आणि मग सगळा नमुनाच खळग्यांनी भरलेला वाटतो. सोन्याचा लेप साधारण १० नॅनोमीटर पुरे. ५० नॅनोमीटरखालचे खळगे पाहायचे असतील तर प्लॅटिनम किंवा इरिडियम ३ ते ५ नॅनोमीटर द्या, नाहीतर लेपाचेच दाणे पृष्ठभाग म्हणून वाचाल. कणाच्या कडेवर विद्युतभार साचून चित्र उजळ पट्ट्यांनी फाटत असेल तर कणाच्या पायथ्याशी वीज वाहून नेणाऱ्या कार्बन-लेपाचा (कार्बन पेंटचा) एक ठिपका द्या. पृष्ठभाग पाहायला ५ किलोव्होल्ट ठेवा. १५ किलोव्होल्टला किरण खोल शिरतो आणि पातळ मातीचा थर पारदर्शक होऊन दिसेनासा होतो.

आता वाचन. विदारणाचे खळगे एका पृष्ठावर एकाच दिशेला मांडलेले असतात, त्यांच्या कडा सरळ आणि आकार एकमेकांशी जुळते असतात: चौकोनी, शंकरपाळ्यासारखे किंवा लांबट. आकार स्फटिकाची रचना ठरवते, आणि खळगा कुठे पडणार हे स्फटिकातले दोष ठरवतात. अणूंची रांग जिथे चुकली आहे, म्हणजे डिसलोकेशन पृष्ठभागावर येते, तिथे बंध ताणलेले असतात आणि पाण्याला आधी दाद देतात. बर्नर आणि होल्डरेन या संशोधकांनी १९७७ मध्ये मातीतल्या फेल्स्पारवरचे असे खळगे दाखवले. कणाभोवती जाड संरक्षक थर साचून विरघळणे मंदावते, या तेव्हाच्या प्रचलित समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. जाड थर असता तर पृष्ठभाग असा निवडक ठिकाणी कोरला गेला नसता.

आदळून पडलेली खूण वक्र, शिंपल्यासारखी असते आणि तिला ठरलेली दिशा नसते. खरी पंचाईत मूळच्या सूक्ष्म छिद्रांची. त्यांच्याही कडा कधीकधी सरळ असतात. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. धुतलेला एक कण दोन काचपट्ट्यांमध्ये धरून हलकेच फोडा आणि नुकताच तुटलेला पृष्ठभाग पाहा. तो आतला आहे, पाण्याशी त्याचा संबंध आलेलाच नाही. तिथे दिसणारी छिद्रे खडकाच्या जन्मापासूनची. बाहेरच्या पृष्ठभागावर त्याच आकाराची छिद्रे त्याच दाटीने असतील तर ती मोजणीतून वगळा. हे करताना तुटलेल्या पृष्ठभागापासून आत गेलेली बारीक नळी बाहेरच्या खळग्याला मिळताना दिसली तर नक्की छायाचित्र घ्या. खळगा दोषाच्या रेषेवरून आत जातो, याचा याहून थेट पुरावा नाही.

पर्थाइटमध्ये, म्हणजे पोटॅश फेल्स्पारमध्ये अल्बाइटच्या पातळ पट्ट्या विलग झालेल्या असतात तिथे, हे सगळे अधिक स्पष्ट दिसते. दोन्ही खनिजांच्या स्फटिकजाळ्यांचे माप जुळत नसल्याने सीमेवर ताण आणि ठरावीक अंतरावर दोष असतात. खळगे मग पट्टीच्या कडेने शिवणीच्या टाक्यांसारखे रांगेत पडतात. पुढे ते जुळतात, अल्बाइट निघून जाते आणि पोटॅश फेल्स्पारचे दात उरलेल्या कंगव्यासारखे उभे राहतात. अशा खडकात ‘फेल्स्पार’ असा एकच रकाना ठेवून मोजणी केली तर पट्ट्यांचा परिणाम सरासरीत हरवतो.

खळग्याची खोली काढायला तीच जागा उणे ५ आणि अधिक ५ अंशांवर कलवून दोन चित्रे घ्या. खळग्याच्या काठाच्या तुलनेत तळ जितका सरकला, त्याला २ गुणिले ५ अंशांची ज्या (साइन), म्हणजे ०.१७४ ने भागा. सरक ०.३५ मायक्रॉन असेल तर खोली सुमारे २ मायक्रॉन. विशालन दोन्ही चित्रांत तंतोतंत एकच हवे आणि तळ दिसायला हवा. अरुंद नळीसारख्या खळग्यात तळ दिसतच नाही, तिथे खोलीचा आकडा लिहू नका.

मोजताना चित्रांवर मोजमाप करणारी इमेजजेसारखी (ImageJ) मुक्त संगणक प्रणाली पुरते, पण ती उजळ-गडद इतकेच ओळखते, सावली आणि खळगा यांत फरक करत नाही. आपोआप आखलेली सीमा प्रत्येक चित्रावर डोळ्यांनी तपासा. दर पृष्ठाला दोन आकडे काढा: एकक क्षेत्रातले खळगे आणि खळग्यांनी व्यापलेला क्षेत्रांश. सोबत कोणते पाटनपृष्ठ तेही लिहा, कारण दोन पृष्ठांवरच्या संख्या मुळातच वेगळ्या असतात. दर चौरस सेंटिमीटरला १० कोटी दोष म्हणजे दर चौरस मायक्रॉनला एक. तुमच्या चित्रात दर १०० चौरस मायक्रॉनला एकच खळगा दिसत असेल तर सगळे दोष कोरले गेलेले नाहीत, किंवा लहान खळगे मोठ्यांत विलीन झाले आहेत. विदारण फार पुढे गेले की खळग्यांची संख्या उलट घटते. म्हणून नुसत्या संख्येवरून कोणता नमुना जास्त झिजला हे ठरवता येत नाही, क्षेत्रांश सोबत लागतोच.

राखाडी छटा आणि मूलद्रव्ये

पॉलिश केलेल्या छेदावर २० नॅनोमीटर कार्बन देऊन बॅकस्कॅटर चित्र, म्हणजे नमुन्यावरून मागे फिरलेल्या इलेक्ट्रॉनांचे चित्र, घ्या. इथे छटा सरासरी अणुक्रमांकावर ठरते: ऑर्थोक्लेज सुमारे ११.९, ॲनॉर्थाइट (कॅल्शियमचे प्लॅजिओक्लेज) ११.९, क्वार्ट्झ १०.८, अल्बाइट १०.७. म्हणजे अल्बाइट आणि क्वार्ट्झ जवळजवळ एकाच छटेचे, ऑर्थोक्लेज आणि ॲनॉर्थाइटही. छटेवरून खनिज ओळखायचा प्रयत्न इथेच फसतो. पर्थाइटच्या पट्ट्या मात्र लख्ख दिसतात आणि इपॉक्सी भरलेल्या पोकळ्या काळ्या.

क्ष-किरण विश्लेषणात ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे अणूंमधले गुणोत्तर हाताशी ठेवा. अल्बाइट आणि पोटॅश फेल्स्पारमध्ये १ ला ३, ॲनॉर्थाइट, केओलिनाइट आणि हॅलॉयसाइटमध्ये १ ला १. गिब्साइटमध्ये सिलिकॉन नाही. १ ला १ आले आणि कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम काहीच नाही, तर केओलिनाइट किंवा हॅलॉयसाइट. १ ला १ सोबत भरपूर पोटॅशियम असेल तर सेरिसाइट. १५ किलोव्होल्टला किरण दोन-तीन मायक्रॉन पसरतो, त्यामुळे एक मायक्रॉनच्या मातीच्या पापुद्र्यावर टेकवलेला बिंदू शेजारच्या फेल्स्पारचेही आकडे मिसळून देतो. असे मिश्र आकडे ‘अर्धवट बदललेले फेल्स्पार’ म्हणून नोंदवले जातात, पण ते दोन खनिजांचे मिश्रण असते.

आणखी दोन खाचखळगे. एक, प्रणाली बेरीज आपोआप १०० वर आणत असेल तर ते बंद करा. केओलिनाइटमध्ये सुमारे १४ टक्के पाणी असते, म्हणून प्रमाणित मापनात ऑक्साइडांची बेरीज ८६ च्या आसपास यायला हवी. बेरीज ताणून १०० केली की ही ओळख पुसली जाते. दोन, सोडियम किरणाखालून पळते. एकाच बारीक बिंदूवर किरण रोखून धरला तर ताज्या अल्बाइटमध्येही सोडियम कमी भरते आणि विदारणाने गेले असे वाटते. किरण ५ ते १० मायक्रॉन रुंद करा, प्रवाह कमी ठेवा, सोडियम सर्वांत आधी मोजा. जोडनमुन्यातल्या अल्बाइटवर त्याच मापांनी सोडियम पूर्ण भरते का, हे दर बैठकीच्या सुरुवातीला पाहा.

विरघळताना पाहायचे असेल तर

आधी हिशेब करा. उदासीन पाण्यात २५ अंशांवर अल्बाइटचा वेग दर चौरस मीटरला दर सेकंदाला १० चा उणे १२ वा घात इतक्या मोलच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. एका मोलचे आकारमान १०० घन सेंटिमीटर. गुणाकार केला की पृष्ठभाग वर्षाला फार तर ३ नॅनोमीटर मागे सरतो. म्हणजे साध्या पाण्यात महिनाभर ठेवलेल्या स्फटिकावर काहीच दिसणार नाही, आणि दिसलेच तर ते बहुधा दुसरेच काहीतरी असेल. पीएच २ आणि ८० अंशांवर हाच वेग दिवसाला चार-पाच नॅनोमीटरपर्यंत जातो. ते मोजता येते. मात्र निसर्गातला वेग प्रयोगशाळेपेक्षा अनेक पटींनी, कधी हजारो पटींनी मंद असतो. व्हाइट आणि ब्रँटली या संशोधकांनी २००३ मध्ये या तफावतीचा सविस्तर विचार केला. त्यामुळे आम्लातला आकडा शेताच्या बांधाला जसाच्या तसा लावायचा नाही.

अल्बाइटचा एकस्फटिक पाटनावर फोडून साधारण ५ मिलिमीटर चौरस तुकडा घ्या. पॉलिश केलेले पृष्ठ नको, त्याखाली चिरडलेला थर असतो आणि तोच आधी विरघळतो. पृष्ठाच्या एका भागावर सिलिकोन सीलंटचा ठिपका देऊन तो पूर्ण घट्ट होऊ द्या. त्याखालचा भाग जसाच्या तसा राहील आणि उंचीची तुलना त्याच्याशी करता येईल. जागा पुन्हा सापडावी म्हणून हिऱ्याच्या टोकाने फुली करा, पण मोजायच्या जागेपासून किमान १ मिलिमीटर दूर. ओरखड्याभोवतीचा इजा झालेला भाग झपाट्याने विरघळतो. मग ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, टेफ्लॉनची घट्ट झाकणाची बाटली, ८० अंश. काचेची बाटली नको, ती स्वतःच सोडियम आणि सिलिका सोडते. दर आठवड्याला पीएच मोजा आणि आम्ल बदला. काढल्यावर आयनमुक्त पाण्याने धुऊन लगेच वाळवा. थेंब वाळून राहिलेला डाग उंचीच्या नकाशात टेकडी म्हणून येतो. सीलंट सोलल्यावर कडेची पायरी गोलसर दिसली तर आम्ल खाली झिरपले आहे. उंची कडेपासून दूर, ठिपक्याच्या मध्यापासून मोजा.

व्यतिकरणमापी सूक्ष्मदर्शक उंची नॅनोमीटरपर्यंत सांगतो, पण आडवे त्याला अर्ध्या मायक्रॉनखालचे दिसत नाही. त्यासाठी अणुबल सूक्ष्मदर्शक. अल्बाइटच्या मुख्य पाटनपृष्ठावर एका थराची पायरी ०.६४ नॅनोमीटरची असते, ती ताज्या पृष्ठावर दिसली तर यंत्राची उंची बरोबर जुळवलेली आहे. पृष्ठभाग चाचपणाऱ्या त्याच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १० नॅनोमीटर असते. खळग्याची भिंत टोकाच्या बाजूंपेक्षा जास्त उभी असेल तर चित्रात खळग्याऐवजी टोकाचाच आकार उमटतो. शंका आली की नमुना ९० अंश फिरवून तीच जागा पुन्हा घ्या. आकार नमुन्याबरोबर फिरला तर खळगा खरा, न फिरता तसाच राहिला तर तो टोकाचा.

स्फटिकाऐवजी दळलेले फेल्स्पार वापरणार असाल तर दळण्याने चिकटलेला बारीक चुरा हा मोठा धोका. सुरुवातीला वेग खूप जास्त आणि मग घसरत जाणारा, असा आलेख अनेक वर्षे संरक्षक थराचा पुरावा मानला गेला. होल्डरेन आणि बर्नर यांनी १९७९ मध्ये त्यामागे हा अतिसूक्ष्म चुरा असल्याचे दाखवले. कण अल्कोहोलमध्ये हलवा, गढूळ द्रव ओतून टाका, वरचा द्रव नितळ होईपर्यंत पुन्हा करा. नंतर काही कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एक मायक्रॉनखालचे कण खरोखर गेले का ते तपासा. डोळ्यांना नितळ दिसणे पुरेसे नाही.

अगदी पातळ थर

पृष्ठभागावरचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा सिलिकायुक्त थर पाहायचा असेल तर केंद्रित आयन किरणाने पृष्ठाला लंब अशी पातळ चकती कापून पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात न्यावी लागते. कापण्याआधी पृष्ठावर प्लॅटिनम द्या, पण पहिले २०० नॅनोमीटर इलेक्ट्रॉन किरणानेच. थेट आयन किरणाने दिले तर गॅलियमचे आयन वरचे २०-३० नॅनोमीटर स्फटिक मोडून टाकतात, आणि तो मोडलेला थर विदारणाच्या थरासारखाच रचनाहीन दिसतो. चकती १०० नॅनोमीटरपर्यंत पातळ करा आणि शेवटचा हात २ ते ५ किलोव्होल्टचा ठेवा. पाहताना इलेक्ट्रॉनांची मात्रा कमी ठेवा, कारण फेल्स्पार इलेक्ट्रॉनखालीही रचना गमावते.

जोडनमुन्याची चकती इथेही लागते. दोन्हींत पृष्ठाला लंब रेषेवर ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन मोजा. किरणाने मोडलेल्या थरात अणूंची मांडणी बिघडते, पण गुणोत्तर १ ला ३ च्या आसपासच राहते. पाण्याने बदललेल्या थरात ॲल्युमिनियम तीव्र उतारासारखे खाली येते आणि सिलिकॉन वर राहते. सोडियमवर विसंबू नका, ते दोन्हीकडे पळालेले असते.